पाचव्या प्रकरणातलं हसू

सर, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि तुमच्या पुस्तकाची प्रुफं माझ्या जेवणाच्या टेबलावर पडून आहेत. सनाने अबूधाबीहून कुरियरने पाठवली. वर पिवळी चिठ्ठी, ‘आँटी, प्लीज चेक अँड साइन.’ अब्बांच्या पुस्तकात काय बरोबर आणि काय चूक हे आता फक्त नीला आँटीलाच माहीत, असं तुमच्या लेकीला वाटतं. तिला वाटतं ते खरं आहे, आणि म्हणूनच चार दिवस मी त्या गठ्ठ्यावर भाजीची पिशवी ठेवून घरभर हिंडत होते.

मी थकले आहे, सर. तुमच्या जाण्याने म्हणावं तर तसंही नाही, रडणं होऊन गेलं. पण एक गोष्ट मी सात वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवली. ती कधीतरी सांगू, आज नको, उद्या सांगू, असं करत इतके दिवस काढले, आणि एका मंगळवारी दुपारी भाभींचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून. आता सांगायचं तर असं कागदावरच सांगावं लागणार.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल बरंच येऊन गेलं. गाव, पदव्या, नोकऱ्या, किती साली दुबईत आलात वगैरे. एकाने ‘संगीतप्रेमी मुकादम सर’ असं लिहिलं. तुम्ही वाचलं असतं तर भडकला असतात. ‘संगीतप्रेमी म्हणजे जेवण झाल्यावर पेटी काढून बसणारा माणूस, मी इतिहासकार आहे,’ हे तुमचं वाक्य मी निदान वीस वेळा ऐकलंय. तुमच्याऐवजी मीच ग्रुपवर ते टाकणार होते. मग म्हटलं जाऊ दे, कुणाकुणाला सुधारत बसू.

आपली ओळख लिफ्टमध्ये झाली. दुबईत अल मनखूलच्या आपल्या बिल्डिंगची लिफ्ट तेव्हा दहा-दहा मिनिटं यायची नाही, आणि आली की खच्चून भरलेली. मी तुम्हाला मागून तीनदा म्हटलं, ‘जरा सातचं बटन दाबता का?’ तुम्ही ढिम्म. चौथ्यांदा मी चिडून खांद्याला हात लावला तर तुम्ही वळून मोठ्याने म्हणालात, ‘समोरून बोला बाई, मी बहिरा आहे.’ सगळी लिफ्ट खाली मान घालून आपापल्या चपला बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला काहीच झालं नाही. तुम्ही विचारलंत, ‘मराठी का? काय करता?’

मी म्हटलं, क्लिनिकमध्ये टायपिंग. डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवतात, मी कानाला हेडफोन लावून ते टाइप करते. पायाखाली पेडल असतं, दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. तुम्ही माझ्या ओठांकडे टक लावून बघत होतात, त्यामुळे मी आणखीच बावचळले. सातवा मजला आला तरी तुम्ही दार धरून ठेवलंत आणि म्हणालात, ‘म्हणजे तुम्ही धंद्याने ऐकणाऱ्या. मला अशीच बाई हवी होती.’

घरी येऊन नवऱ्याला, शरदला सांगितलं की वरच्या मजल्यावरचे मुकादम सर अमेरिकेतल्या जुन्या गाण्यांवर पुस्तक लिहितायत आणि त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी ऐकून सांगायचं. शरद जेवता जेवता थांबला. ‘हे म्हणजे मी स्वयंपाकावर पुस्तक लिहिण्यासारखं झालं,’ म्हणाला. मी पुढच्या शुक्रवारी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही इतके हसलात की भाभी आतून बघायला आल्या.

तुमचे कान आधीपासून असे नव्हते. शिकायला अमेरिकेत गेलात तेव्हा लायब्ररीच्या तळघरात बसून शेकडो रेकॉर्डी तुम्ही स्वतः ऐकल्या होत्या. आधी वरचे सूर गेले, मग बायकांचे आवाज, मग पुरुषांचे, असं तुम्ही हिशेब दिल्यासारखं सांगायचात. जुनं जे ऐकलं होतं ते डोक्यात होतं. नव्याने जे सापडत होतं त्याला दुसऱ्याचे कान लागत होते. मी म्हटलं, मला नाट्यगीतांपलीकडे काही कळत नाही, आणि हे इंग्रजी तर गाणाऱ्याच्या घशातच राहतं. तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच. ज्याला हे संगीत माहीत आहे तो मला त्याला माहीत असलेलं सांगेल. तुम्ही ऐकलेलं सांगाल.’

हेच ते वाक्य, सर. चार दिवस हेच कानात वाजतंय.

तुम्ही मला मोठी रेघांची वही आणून दिलीत. चार रकाने आखले होते. मिनिट-सेकंद, कोण, काय, कसं. पहिल्या दिवशी मी एक अख्खी रेकॉर्ड ऐकून सुंदर अक्षरात लिहून दिली. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, ‘गाणारा मध्ये खोकलाबिकला नाही?’ मी म्हटलं, खोकला की. दोनदा. ‘मग कुठाय?’ मी सांगितलं की आमच्या कामात तसा नियम असतो. डॉक्टर खोकला, शिंकला, नर्सशी हसला, फोनवर बायकोवर ओरडला, ते टाइप करायचं नाही. रिपोर्ट स्वच्छ गेला पाहिजे. तुम्ही वही माझ्यासमोर परत सरकवलीत. ‘इथे स्वच्छ काही नको. खोकला लिहा, खुर्ची कुरकुरली तर लिहा, पाय आपटला तर कितीदा आपटला ते लिहा. आवाज हा त्या माणसाचा शेवटचा पुरावा आहे.’ मी दुसऱ्यांदा ऐकलं आणि दोन खोकले लिहिले.

मग मी शिकले. ‘गळा खरखरीत, बाजारात हाक मारणाऱ्याचा.’ ‘इथे शब्द सोडून नुसतं गुणगुणतो, बायका दळताना करतात तसं.’ ‘डाव्या पायाचा ठेका, उजव्यापेक्षा हलका.’ तुम्ही डोळे मिटून माझं लिहिलेलं वाचून घ्यायचात, म्हणजे आधी वाचायचात आणि मग डोळे मिटायचात, आणि कधीकधी तुमची बोटं टेबलावर बरोबर त्या ठेक्यात चालायची. ते बघायला मला फार आवडायचं. डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये असं काही होत नाही.

विषय मला हळूहळू कळत गेला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर यायचे आणि एखाद्या लंगड्या काळ्या माणसाच्या चालीची नक्कल करत नाचायचे. लोक पोट धरून हसायचे. पुढे रेकॉर्डी आल्या, काळ्या गिऱ्हाइकांसाठी कंपन्यांनी वेगळे कॅटलॉग काढले, आणि गाणारा आंधळा असला की लेबलवर त्याच्या नावाआधी ते छापायला सुरुवात केली. आईबापांनी ठेवलेलं नाव दुसरं, आंधळा आधी. तुमचं म्हणणं असं की आधी त्यांनी या माणसांचं हसू विकलं आणि मग त्यांची कीव विकली. ‘दुकान तेच, नीलाताई. माल बदलला.’ मग तुम्ही खिडकीबाहेर बोट करून विचारायचात, ‘आपण इथे कुठल्या कॅटलॉगात आहोत, सांगा बरं.’ मी चहाचे कप उचलायचे.

तेवढ्यात ते सगळं कोसळलं. बँका अमेरिकेत बुडाल्या आणि आपली बिल्डिंग रिकामी होऊ लागली. चौथ्या मजल्यावरचे कुळकर्णी मुलांची परीक्षा व्हायच्या आत गेले. माझं क्लिनिकमधलं काम भारतातल्या कुठल्याशा कंपनीला दिलं गेलं, म्हणजे मी जिथून इथे काम करायला आले तिथेच माझं काम माझ्याआधी परत गेलं. मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, नथिंग पर्सनल, खलास.’ मी घरी बसले. सगळ्यात विचित्र म्हणजे लिफ्ट. बटन दाबलं की लगेच यायला लागली.

त्या फेब्रुवारीत भाभींनी सांदणं केली आणि आपण सगळे तुमच्या जुन्या गाडीतून खोर फक्कानला गेलो. समुद्रात कंटेनरची मोठी बोट उभी होती. तिने भोंगा दिला तेव्हा तुम्ही गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवलात आणि म्हणालात, ‘आला.’ नंतर आपण त्या टपरीवजा कॅफेटेरियात चहाला बसलो. वेटरने तुमच्या कानातलं यंत्र पाहिलं आणि मला विचारलं, ‘अंकल को शुगर चलेगी?’

तुमच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, ‘काळजीने विचारतोय बिचारा.’

‘काळजी मला विचारून करू दे.’

‘सर, त्याला दया आली. दया येणं वाईट आहे का?’

‘ज्याला येते त्याला बरं वाटतं. ज्याची येते त्याला कधी विचारलंत?’

‘म्हणजे लोकांनी हसायचं का मग? तुमच्या त्या नाटकवाल्यांसारखं?’

‘दोन्ही बहिणी आहेत. एकाच घरातल्या.’

मी म्हटलं तुम्ही फार कडू झालात. तुम्ही म्हणालात, ‘मी बहिरा झालोय. कडू आधीपासून आहे, भाभींना विचारा.’ भाभी म्हणाल्या, ‘यल्ला, चला, चहा प्या, दोघं पण.’ तो वाद तिथेच राहिला. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी आपण तो उकरून काढायचो आणि दर वेळी अर्ध्यावर सोडायचो. मी काही माझं म्हणणं सोडलं नाही. माझी आजारी सासू मी तेरा वर्षं सांभाळली ती दयेनेच, प्रेम असं त्यात फार नव्हतं. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, पण सासूबद्दल असं बोलणं बरं दिसत नाही म्हणून राहिलं.

मे महिन्यात कॉलेजात, तुमच्या वर्गात ते झालं. एका मुलीने विचारलं, परीक्षा कधी आहे. तुम्हाला वाटलं ती तुम्ही मघाशी सांगितलेल्या गायकाबद्दल विचारते आहे. तुम्ही म्हणालात, ‘तो तर फार पूर्वीच मेला.’ वर्ग हसला. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांत कॉलेजने माणसं कमी करायला काढली आणि पहिल्या यादीत तुमचं नाव आलं. कागदावर रीस्ट्रक्चरिंग लिहिलं होतं. भाभी शाळेत शिकवत होत्या म्हणून तुम्ही त्यांच्या व्हिसावर राहू शकलात. ‘आता माझा धंदा नवरा,’ असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. मला मात्र त्या शुक्रवारी एकदाच, वही उघडता उघडता म्हणालात, ‘हसू मला ऐकावं लागत नाही, नीलाताई. ते दिसतं.’

त्याच आठवड्यात आपण तो खोका आणला होता. अबूधाबीच्या खलिफा सिटीतला एक अमेरिकन इंजिनियर घरातलं सगळं विकून परत चालला होता, आणि सोफा, झुले, बार्बेक्यू यांच्या मधोमध त्याच्या आजोबांच्या रेकॉर्डींचा खोका होता. तुम्ही त्याला चार प्रश्न विचारलेत. चारही उत्तरं त्याने माझ्याकडे बघून दिली. तुम्हाला त्या दिवशी त्याचंही काही वाटलं नाही, कारण खोक्यात तळाशी ती रेकॉर्ड होती. लेबल अर्धं सोललेलं, नावाआधीचं ‘ब्लाइंड’ शाबूत, नाव गेलेलं. हिची दुसरी प्रत कुठे असल्याचं तुम्हाला नंतरही सापडलं नाही. परत येताना अख्ख्या रस्त्यात ती तुम्ही मांडीवर धरून बसलात आणि गाडी शरदने चालवली.

आता सांगते.

मी ती कॉम्प्युटरवर उतरवून, माझं पेडल लावून, तुमच्या खोलीत बसून ऐकली. तुम्ही समोर खुर्चीत होतात. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर गाणारा अडखळतो. ओळ विसरतो, किंवा बोट तारेवरून सटकतं, काहीतरी होतं. आणि कुणीतरी हसतं. फार नाही, एवढंसं. रेकॉर्डीची खरखर इतकी होती की कोण हसलं ते मला कळलं नाही. मला वाटलं, खोलीतला कुणीतरी. यंत्रामागे बसलेला कंपनीचा माणूस. आंधळ्याची चूक झाली आणि डोळस हसला.

मी पेडलवरून पाय काढला. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, कारण तुम्ही नेहमीच बघत असायचात, माझ्या तोंडावर काय उमटतं ते वाचायला. त्या वर्गाला अजून महिनाही झाला नव्हता. मी मान खाली घातली आणि लिहिलं, ‘२:११. गाणारा अडखळतो. पुन्हा सुरू करतो.’ तेवढंच. स्वच्छ रिपोर्ट.

मला वाटलं होतं की एका रेकॉर्डीचं काय मोठंसं. पण तुम्ही त्या एका रेकॉर्डीवर प्रकरण बांधायला घेतलंत. पाचवं. तिच्यात खुर्ची ऐकू येते, पाय ऐकू येतो, कुणीतरी कागद चाळतं, खोलीतलं सगळं ऐकू येतं आणि गाणारा चुकतो तेव्हाही कुणी हसत नाही. याचा अर्थ हसू मुद्दाम बाहेर ठेवलंय, असं तुमचं म्हणणं. रंगमंचावर जे विकलं ते इथे दाराबाहेर उभं केलंय, कारण आता कीव विकायची आहे. तुम्ही लिहीत होतात आणि मला पानं वाचायला देत होतात. नोकरी गेल्यापासून तुम्हाला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

एकदा मी घाबरत म्हटलं, ‘सर, समजा कुणी हसलं असलंच तर?’

तुम्ही चष्मा काढलात. ‘असलं तर काय? तुम्ही ऐकलंय ना, नीलाताई. हसतं का कुणी?’

मी म्हटलं, ‘नाही.’

अगदी समोरून, ओठ नीट हलवून, तुम्हाला वाचता येईल असं म्हटलं.

त्यानंतर मी सांगायला गेले नाही असं नाही. दोनदा आले. पहिल्यांदा तुम्ही नुकतंच ते प्रकरण बाहेरच्या कुठल्याशा मासिकाला पाठवलं होतं आणि भाभी पेढे वाटत होत्या. दुसऱ्यांदा तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, छातीला तारा लावलेल्या, आणि कानातलं यंत्र काढून ठेवल्याने तुम्हाला माझ्या ओठांशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, ‘बरं वाटतंय का?’ तुम्ही म्हणालात, ‘इन्शाल्ला.’ मी मोसंबी ठेवून घरी आले. वर्षं अशीच जातात, सर. मला दुसरी नोकरी लागली, गुडघे दुखायला लागले, बिल्डिंग परत भरली, लिफ्ट परत यायची बंद झाली. दर शुक्रवारी मी वर येत होते आणि दर शुक्रवारी ते प्रकरण थोडं आणखी पक्कं होत होतं.

तुम्हाला नेलं त्या दिवशी मी खाली पार्किंगमध्ये उभी होते. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून भाभी वर होत्या आणि मी खाली. वर भाभींसमोर बसण्याची माझ्यात हिंमत नव्हती. शरद तुमच्याबरोबर गेला. गाडी वळली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता कुणी विचारणार नाही. एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

काल सकाळी मी भाजीची पिशवी उचलली. प्रुफं उघडली नाहीत. आधी जुना कॉम्प्युटर लावला, त्या रेकॉर्डीची फाइल काढली, हेडफोन घातले, पेडल पायाखाली घेतलं. दोन अकरा. एकदा, दोनदा, पंधरा वेळा. मी अठ्ठावीस वर्षं आवाज टाइप करते आहे. कुठला डॉक्टर बोलतोय हे मला त्याने नाव सांगायच्या आधी नुसत्या श्वासावरून कळतं. तेव्हा मी दोन अकराला पाय काढून घेतला होता आणि पुन्हा तिथे थांबून ऐकलंच नव्हतं. काल ऐकलं. गाण्याचा श्वास आणि हसण्याचा श्वास एकच आहे, मध्ये दुसरा घेतलेलाच नाही. तीच नाकातली खरखर. हसणारा खोलीतला कुणी नव्हे, सर. तो गाणाराच हसतो. स्वतःशी, आपलं बोट चुकलं म्हणून, माझी पोळी तव्यावर दुमडली की मी हसते तसा. आणि त्यानंतर तो गिटार आधीपेक्षा जोरात वाजवतो. त्याला मजा येते आहे.

मी हेडफोन काढून ठेवले. तुमच्या हाती हे लागलं असतं तर तुम्ही खुर्चीतून उठला असतात. ज्याला लोक हसले आणि ज्याची लोकांनी कीव केली असा माणूस तुम्ही वीस वर्षं शोधत होतात, आणि इथे एक बसला होता जो स्वतः हसत होता. त्याचं नाव लेबलवरून सोललं गेलं. हसू तेवढं उरलं होतं. ते कुठल्या कंपनीने नाही काढलं. मी काढलं, आणि तुमची दया आली म्हणून काढलं. खोर फक्कानच्या वादात तुमचं बरोबर होतं, निदान माझ्यापुरतं. सासूचं मी अजून कबूल करत नाही.

आज दुपारी बसने अबूधाबीला गेले. खलिफा सिटीत सनाच्या किचनमध्ये बसून तिला सगळं सांगितलं. ती ओट्याशी पाठ करून उभी होती. ‘आँटी, द बुक गोज टु प्रेस नेक्स्ट वीक,’ एवढंच पहिल्यांदा म्हणाली. मग म्हणाली, कुणाला कळणार आहे, दुसरी प्रतच नाही. मी म्हटलं, मला कळलंय ना. तुम्हाला माहीत आहे ती मला जन्मात मराठीत उत्तर देत नाही, मी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत सांगते. आज तिने वळून मराठीत विचारलं, ‘तुम्ही त्यांना सात वर्षं चुकीचं राहू दिलंत?’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने मला थांब म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः घेतला नाही. निघताना मात्र दारात म्हणाली, ‘रविवारी अम्मीकडे या, आँटी. ती एकटी असते.’

प्रकाशकाकडच्या बाईंना तिथूनच मेल केला. त्यांचं उत्तर मी घरी पोचेपर्यंत आलं होतं. अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात, असं त्या म्हणाल्या. प्रकरण काढायचं, किंवा लेखकाचं आहे तसं ठेवून त्याखाली खुलासा छापायचा. प्रकरण तुमचं आहे, ते काढण्याचा मला काय अधिकार? खुलासा लिहायला बसले. इंग्रजीत लिहायचा होता, अर्धी लिहिलेली पानं फाडली. त्यासाठी प्रस्तावना उघडली तेव्हा शेवटच्या परिच्छेदात, सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. तुम्ही ते मला कधी दाखवलं नव्हतंत. मराठीत ते असं: ‘या पुस्तकातलं ऐकण्याचं सगळं काम नीला दातार यांनी केलं. जे बरोबर ऐकलं गेलं त्याचं श्रेय त्यांचं. सगळ्या चुका माझ्या.’

मी खूप रडले, सर. शरद उठून पंखा बंद करायला आला, त्याला वाटलं मला थंडी वाजते आहे.

तुमच्या लिहिण्यात मी आजवर कधी अक्षर बदललं नाही. आज बदललं. शेवटचं वाक्य आता असं छापलं जाईल: ‘एक सोडून सगळ्या चुका माझ्या.’ आणि पाचव्या प्रकरणाखाली, बारीक टाइपात, माझ्या नावाने: ‘या रेकॉर्डवर दोन मिनिटं अकरा सेकंदांवर गाणारा हसतो. लेखकाने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मला ऐकू आलं होतं.’